होरिउची गेनपाचींचा मुलगा

माझ्या भावाला, युसाकूला, पलटणीत जाऊ द्यायचं नाही, हे आईने ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी आमच्याकडे मुळ्याचं लोणचं घालायचं चाललं होतं. कोपरापर्यंत मिठाने माखलेली आई मध्येच उठली आणि म्हणाली, "त्याला गेनपाचींना देऊन टाकू."

माझ्या आजोबांच्या काळात लढाया तलवारवाल्यांच्या असत. आम्ही तुती लावायची, रेशमाचे किडे पाळायचे, सारा भरायचा आणि गप्प बसायचं. मग टोकियोत नवं सरकार आलं आणि एकदम देश आमचा झाला. देश आमचा म्हणजे काय, तर पोरगा विशीत आला की त्याने तीन वर्षं बंदूक खांद्यावर घ्यायची. पलीकडच्या आळीतल्या एका घरचा मुलगा दक्षिणेच्या लढाईत गेला होता. त्याच्या केसांची बट तेवढी घरी आली. त्याच्या आईने ती किती दिवस छातीशी धरली होती, ते आमच्या आईने पाहिलं होतं.

कायद्यात एक फट होती. घरातला कर्ता पुरुष आणि वारस यांना पलटण माफ. आमचे वडील गेले होते, त्यामुळे थोरला कानेझो घरचा कर्ता होता आणि सुटला. अडकला तो धाकटा युसाकू. पण धाकट्याला एखाद्या निपुत्रिक घरी दत्तक दिलं की तो त्या घरचा वारस होई आणि सुटे. त्या वर्षी सुवा सरोवराच्या काठी मूलबाळ नसलेल्या म्हाताऱ्यांना काय भाव आला होता! जे कालपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हते, त्यांच्या दारात बायका भेटी घेऊन उभ्या.

गेनपाची होरिउची ओढ्यापलीकडे राहायचे. लाकडी पिंपं बांधण्याचा धंदा, बायको वारलेली, तांदूळ सडायची एक जुनी पाणचक्की, एवढाच त्यांचा संसार.

"गेनपाचीभावजी, मुलगा हवाय का?" आईने दारातूनच विचारलं.

"या वयात? तोमेवहिनी, लोक काय म्हणतील!"

"चावटपणा पुरे. कागदावर हवाय का, म्हणतेय मी."

"असं होय. मग खायला कुठे येणार तो?"

"खाईल आमच्याकडे, झोपेल आमच्याकडे. तुमचं फक्त नाव."

"आणि मला काय? नाव माझं झिजणार ना!"

एक पिंपभर मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, आणि हिवाळ्याची लाकडं फोडून द्यायची, यावर तोडगा निघाला. गेनपाचींच्या बायकोच्या स्मृतिपाटीसमोर बसून युसाकू आणि ते, बापलेक झाल्याची खूण म्हणून, एकाच पेल्यातून साके, तांदळाची दारू, प्याले. म्हाताऱ्याने आधी पेला दोन्ही हातांनी कपाळाला लावला. मला तेव्हा हसू आलं होतं.

कचेरीतली नोंद बदलली, पण सरकारही काही दूधखुळं नव्हतं. खोटी दत्तकं शोधायला शिपाई गावोगाव फिरत, भल्या पहाटे येत आणि झोपेतल्या पोराला हलवून विचारत. अर्धवट झोपेत माणूस खरं बोलतो ना! मग आईने कंबर कसली. रोज पहाटे ती युसाकूचा पाय धरून हलवायची.

"कोणाचा तू?"

"कोमाकी..." आमचं खरं आडनाव तोंडातून निघेपर्यंत त्याच्या पाठीत धपाटा बसे.

"कोमाकी मेले सगळे! पुन्हा. कोणाचा तू?"

"होरिउची... होरिउची गेनपाचींचा... आई, झोपू दे गं."

"आई कोण? मी शेजारीण आहे! पुन्हा."

कानेझो पांघरुणातून म्हणायचा, "आई, अगं, पलटणीत गेला असता तर एवढी कवायत नसती त्याला." मी खिदळायचे. युसाकूला मी कधी दादा म्हटलं नाही. तो दादासारखा वागलाच नाही कधी. माझ्या वेण्या खांबाला बांधून ठेवणाऱ्याला कोण दादा म्हणेल?

हळूहळू त्याला ते वाक्य इतकं पाठ झालं की पायाला हात लागला तरी डोळे मिटून तो म्हणायचा, "होरिउची गेनपाचींचा थोरला मुलगा, युसाकू." आणि लगेच कूस बदलायचा.

एका पहाटे खरोखरच शिपाई आला. युसाकू आमच्याच घरात घोरत पडलेला. आईच्या तोंडचं पाणी पळालं, पण तिने सांगितलं, "बापलेकाचं वाजलंय, म्हणून रुसून आलाय आमच्याकडे." शिपायाने त्याचा पाय हलवला. युसाकूने झोपेतच वाक्य म्हटलं. शिपाई गेला. आईने त्याला त्या दिवशी अख्खं अंडं उकडून दिलं आणि तो खात असताना त्याच्याकडे बघत बसली. आमच्या घरी इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

मग रेशमाला भाव चढला. योकोहामाचे व्यापारी आमच्या दरीपर्यंत येऊ लागले, त्यांना हाताने काढलेला जाडाभरडा धागा नको होता. ज्याच्याकडे वाहतं पाणी त्याची चांदी. गेनपाचींकडे ओढा होता, पाणचक्की होती. त्यांनी पिंपं बांधणं सोडलं, कर्ज काढलं, चक्कीला धागा गुंडाळायचे रहाट जोडले, कोष शिजवायला ओळीने घमेली मांडली आणि वाफेसाठी एक बॉयलर आणला. कोण्या कारागिराने जुन्या भांड्यांचा पत्रा ठोकून तो बनवला होता. आसपासच्या मुली कामाला लागल्या, मीही लागले. दिवसभर उकळत्या पाण्यात बोटं घालून धाग्याचं टोक शोधायचं. संध्याकाळी हाताला मेलेल्या किड्यांचा वास यायचा, भात खातानासुद्धा.

बॉयलरपाशी भरवशाचा माणूस हवा होता. गेनपाची म्हणाले, "मुलगा आहे ना मला!" सगळे हसले, तेही हसले. युसाकू आधी लाकडं फोडायला जायचा, मग आगीजवळ बसायला लागला, मग तिथेच निजायला. महिन्यातून दोनदा सुट्टीला घरी यायचा तेव्हा आई त्याच्या ताटात सगळ्यांच्या वाटचं वाढायची. त्याला ते यंत्र आवडायला लागलं होतं, हे मला दिसत होतं. आईला दिसत नव्हतं.

कारखान्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि कानेझो एका दिवसात गेला. आता आमच्या घरी कर्ता पुरुष राहिला नाही. आई त्याचे दिवस होईपर्यंतही थांबली नाही. सुतकाचे कपडे अंगावर असतानाच ती ओढा ओलांडून गेली. मी मागोमाग होते.

"भावजी, युसाकूला न्यायला आलेय."

गेनपाचींनी चिलीम झाडली. "टोपली आहे का ती वहिनी, उसनी दिली आणि परत मागितली?"

"आपलं ठरलं होतं. कागदापुरतं."

"ठरलं होतं. तेव्हा मी उठायचो आणि गार चुलीपुढे बसायचो. आता सकाळी कोणीतरी म्हणतं, बाबा, चहा घ्या."

"तो तुम्हाला बाबा म्हणतो?" आईने विचारलं.

म्हाताऱ्याने मान डोलावली. आईचा चेहरा मी त्यानंतर पुष्कळदा आठवला आहे. तिला राग आला नव्हता. तिला धक्का बसला होता. घरी येताना ती पुलावर थांबली आणि म्हणाली, "मी काही केलं नसतं, थोडी कळ काढली असती, तर कानेझोमागे हाच वारस झाला असता. तसाच सुटला असता गं, माझाच राहून." ते खरं होतं. किंवा कळ काढेपर्यंत पलटणीने नेलंही असतं. कोणाला ठाऊक!

पण ती हटली नाही. रोज जाऊन ओसरीवर बसू लागली. शेवटी गेनपाचींनी शब्द दिला, "वसंतातलं रेशीम योकोहामाला जाऊ दे. मग मी स्वतः कचेरीत जाऊन नाव काढून आणतो. माझंही काळीज आहे हो वहिनी, दगड नाही."

आई त्या हिवाळ्यात दहा वर्षांनी तरुण झाली. टाकाऊ कोषांचा रेशमी कापूस भरून तिने युसाकूसाठी जाड डगला शिवला. त्याची गादी उन्हात घातली, काढली, पुन्हा घातली. मी बॉयलरपाशी जाऊन त्याला सांगितलं तर तो हसला.

"शिगे, आईला म्हणावं, डगल्यात एवढा कापूस नको. भट्टीपाशी बसून मला थंडी वाजायचीच थांबलीय."

"आणि तुझ्या म्हाताऱ्याचं काय?"

"रोज सकाळी येऊन चहा करून देईन की! एका हाकेवर तर घर आहे."

वसंतात जिल्ह्याचा एक साहेब कारखाना बघायला आला. काळा कोट, उंच टोपी. आम्हा मुलींना रांगेत उभं करून त्याने भाषण केलं. आमच्या धाग्याने देशाची आगबोट येते, तोफ येते, देश बलवान होतो, वगैरे. माझ्या शेजारची मुलगी खोकत होती, तिला मागे उभं केलं. गेनपाचींची छाती फुगली. साहेबांनी माल लवकर पाठवा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉयलरच्या झडपेच्या दांड्यावर एक जादा दगड टांगला, वाफ कोंडून जोर वाढावा म्हणून. "थोडे दिवस," ते युसाकूला म्हणाले. "गाठोडी गेली की काढू."

गाठोडी बांधून तयार होती तेव्हा बॉयलर फुटला. भरदुपारी. आवाज मला आठवत नाही, नंतरची शांतता आठवते, आणि पांढरी वाफ, आणि रहाट आपले पाण्यावर फिरतच होते.

युसाकूला धाग्याच्या खोलीत चटईवर ठेवलं होतं. वैद्य आला, बघून बाहेर जाऊन बसला. गेनपाची उशाशी होते, स्वतःचे भाजलेले हात मांडीवर घेऊन. आई एका पायात चप्पल अशी धावत आली. त्याला कुठे हात लावावा तेच तिला कळेना. पाय तेवढा बरा होता. तिने पाय धरला आणि हलवला.

"युसाकू, ऊठ राजा. घरी जायचंय."

तो डोळे मिटूनच म्हणाला, अगदी स्पष्ट, "होरिउची गेनपाचींचा थोरला मुलगा, युसाकू."

"नाही रे बाळा, नको आता ते. शिपाई नाही आलेला. मी आहे, आई. माझा तू. माझा."

आपलं काही चुकलं असं वाटून तो घाबरला. धपाटा बसायच्या आत म्हणायचा तसा त्याने घाईघाईने पुन्हा म्हटलं, "होरिउची गेनपाचींचा... थोरला..." त्याच्यापुढे काही नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

दहन झाल्यावर गेनपाचींनी आईपुढे जमिनीला कपाळ टेकलं. "वहिनी, अस्थी तुम्ही न्या. मला तोंड नाही मागायला."

मला वाटलं, आई झडप घालून घेईल. तिने मान हलवली.

"तुमच्याच कुळाच्या थडग्यात ठेवा. त्याने जाताना घर सांगितलंय. मी दुसरीकडे नेला तर वाट चुकेल तो."

पुढे माझ्यासाठी घरजावई आणून आमचं नाव चालवलं. आणखी काही वर्षांनी सरकारने ती फट बुजवून टाकली, वारस असो की नसो, सगळ्यांना पलटण. कारखाना गेनपाचींनी दुसऱ्याला विकला. त्याची चिमणी आता लांबून दिसते.

दरवर्षी बोनच्या सणात पितर घरी येतात तेव्हा कानेझोला वाट दिसावी म्हणून दारापुढचा जाळ मी पेटवायचे. आई काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करायची, पितराने लवकर यावं म्हणून, आणि तो ओंजळीत घेऊन ओढ्यापलीकडे जायची. गेनपाचींच्या दारापुढच्या जाळाशी शेजारणीने बसावं तशी बाजूला बसायची. आतून ते चहा आणून तिच्यापाशी ठेवायचे.

एका वर्षी मी तिला न्यायला गेले तेव्हा जाळ विझत आला होता. आई वाकून निखाऱ्यांपाशी हळूच विचारत होती, "कोणाचा तू?"

मी थांबले. ती कान देऊन बराच वेळ बसली, मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि माझ्याबरोबर घरी आली.