तीन इसा खोल

लातूर नवा जिल्हा झाला, पण ही बातमी ढगांना कुणी दिली नसावी. तिसऱ्या वर्षी दुष्काळ असा पडला, की करडवाडीत कावळे मडक्यात खडे टाकायचं सोडून मडकंच पळवायला लागले.

गावाबाहेर एक जुनी बारव होती, गाळानं काठोकाठ बुजलेली. रोजगार हमीत ती उकरायचा अर्ज केला विरूपाक्ष गुरुजींनी. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून घरी बसलेला माणूस. आधार काय, तर शंभर वर्षांमागं घोड्यावरून इथनं गेलेल्या एका साहेबाचं वाळवी लागलेलं प्रवासाचं पुस्तक. त्यात होतं, करडवाडीच्या बारवेला 'सम थ्री स्कोअर' फुटांवर गोड पाणी आहे. 'सम' म्हणजे अंदाजे, स्कोअर म्हणजे वीस. असे तीन, म्हणजे साठ. गुरुजींनी अर्जात 'अंदाजे साठ' लिहिलं. कारकून म्हणाला, "गुर्जी, अंदाजे मंजूर होत न्हाई." गुरुजींनी 'अंदाजे' खोडलं.

आता साठ फूट उकरून झाले होते आणि तळाला खडखडीत मुरूम लागला होता.

"साठ मंजूर, साठ झाले," ओव्हरसियर नरसिंग टेप गुंडाळत म्हणाला. "सोमवारी बंदचा कागद आणतो."

माणसं पहारी खांद्यावर टाकून निघाली. गुरुजींचं तोंड मुरमासारखंच झालं. तेवढ्यात पाट्या वाहणाऱ्या बायांची म्होरकी नागुबाई पदर खोचत म्हणाली, "गुर्जी, त्यो सायब इसावर मोजायचा म्हणं?"

"हो. विसावर."

"माझी सासूबी तशीच मोजायची. मी नांदाया आले तवा ती तीन इसाची व्हती. माझी लेक नांदाया गेली, तवाबी तीन इसाचीच! सायब काय दोरी घिऊन आत उतरला व्हता का?"

माणसं हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. जन्मभर त्यांनी त्या जुन्या पुस्तकांत किती स्कोअर वाचले होते! स्कोअरभर शत्रू, स्कोअरभर जहाजं, एकेका पोरीमागं स्कोअरभर नवरदेव. कुणी मोजले होते? तिथं वीस म्हणजे पुष्कळ, पण ऐकणाऱ्याला पटेल इतकंच पुष्कळ. त्यात साहेबानं 'सम' लिहून आपली सुटका आधीच करून ठेवली होती.

"साहेब खोटं बोलला नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "त्यानं अंदाजे लिहिलं होतं. तो शब्द मी खाल्ला. पाणी लागेपर्यंत मी आता वर येत नाही." आणि धोतर खोचून, सत्तरी ओलांडलेला तो माणूस मुरूम ओढायच्या पाळण्यात बसून खाली उतरलासुद्धा.

"ए बाप्यांनो!" नागुबाई ओरडली. "म्हातारा खाली, आन् तुमी घरला? हजेरी न्हाई मिळाली तर न्हाई. धरा पहारी!"

शनिवार गेला. मुरूम तसाच. चौसष्ट. अडुसष्ट. गुरुजींची भाकरीसुद्धा दोरीनं खाली जायची आणि ते तिथनं विचारायचे, "ठेचा कुठाय?" रविवारी दुपारी एकाहत्तराव्या फुटाला पहारीचं टोक ओलं निघालं. मग पाणी असं उसळलं, की पाळणा वर ओढायच्या आत गुरुजी पोहत पोहत वर आले असं करडवाडीत सांगतात. पोहायला ते कुठं शिकले, हे कुणी विचारत नाही.

सोमवारी नरसिंग कागद घेऊन आला, बारवेत डोकावला आणि कागद खिशात घालून टेप काढायला लागला.

"ऱ्हाऊ द्या सायब," नागुबाई म्हणाली. "तीन इसा लिवा. जरा दांडगे इसा."

"मंजुरी साठचीच आहे, बाई. साठच लिहितो."

"आधी एक शब्द लिहा," गुरुजी म्हणाले. "अंदाजे."

"गुरुजी, अंदाजे मंजूर होत नाही."

गुरुजींनी भरलेला तांब्या त्याच्या हातात दिला. नरसिंगनं तो वरून घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या, आणि पेनाचं टोपण काढलं.