डाव्या स्पीकरमागच्या गाद्या

"अजून बोटभर आत वळव," मीटर खुर्चीत डोळे मिटून म्हणाला.

हेडक्लार्कांनी गुडघ्याने ढकलून डावा स्पीकर बोटभर आत वळवला.

"आता?"

"आता जास्त वाईट."

मीटर हा त्यांचा ऑफिसपासूनचा मित्र. आवाज मोजायचं यंत्र खिशात घेऊन हिंडायचा, म्हणून मीटर. लोक माणसांना भेटायला एकमेकांच्या घरी जातात, हा स्पीकरांना भेटायला जायचा.

तबकडीवरची गाणारी बाई पूर्वी दोन स्पीकरांच्या बरोबर मधे उभी असायची. इतकी समोर, की गाणं संपलं की तिला पाणी विचारावंसं वाटे. गेला महिनाभर ती डावीकडे सरकली होती आणि मडक्यात तोंड घालून गात होती. स्पीकर सरकवून सरकवून फरशीवर खडूच्या एवढ्या खुणा झाल्या होत्या, की तिथे एखादा मैदानी खेळ भरवता आला असता.

रिटायर झाल्यावर हेडक्लार्कांनी या खोलीतून आधी सोफा काढला, मग आरसा, मग सासूबाईंचा फोटो. फोटोच्या काचेवरून आवाज उलटतो, हे त्यांनी बायकोला शास्त्रीय पद्धतीने पटवलं होतं. बायकोने सगळं काढू दिलं. फक्त डाव्या स्पीकरमागच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या गाद्या हलवू दिल्या नाहीत. "पाहुणे आले तर कुठे निजवू, स्पीकरवर?" एवढंच म्हणायची. पाहुणे येत नव्हते, कारण खोलीत बसायला एकच खुर्ची उरली होती.

बायको गेली. मग त्यांनी गाद्या मुलींच्या एका वसतिगृहाला देऊन टाकल्या. कोपरा अखेर रिकामा झाला म्हणून त्या दिवशी त्यांना जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाजही वाटली.

मीटर उठून कोपऱ्यात गेला आणि त्याने टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून परत आली.

"इथे काय होतं रे?"

"काही नाही. अडगळ."

"कसली?"

"गाद्या. हिच्या."

मीटरने यंत्र खिशात ठेवून दिलं. "मग आवाज त्या गाद्याच सांभाळत होत्या."

"काहीतरी बोलू नकोस. एवढी वर्षं मी स्पीकर..."

"हो. गाद्यांच्या पुढ्यात."

चार दिवसांसाठी आलेली लेक चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "बाबा," ती म्हणाली, "आईने एकदा हलवल्या होत्या त्या."

"कधी?"

"तुमच्या वाढदिवसाला. तुम्ही बाहेर गेला होतात. कोपरा रिकामा करून तुम्हाला चकित करायचं होतं तिला. मग हीच तबकडी लावून बघितली आणि म्हणाली, अगं, बाई मडक्यातून गातेय. तुम्ही यायच्या आत आम्ही दोघींनी सगळ्या परत रचल्या. माझी कंबर धरली होती."

हेडक्लार्क तिच्याकडे बघतच राहिले. मडक्याचं ते कोणाजवळच बोलले नव्हते.

"तिला त्यातलं काही कळत नव्हतं," ते म्हणाले. "तीच म्हणायची तसं."

लेकीने एक कप मीटरच्या हातात दिला.

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं होतं, सांग. तर म्हणाली, राहू दे. स्पीकर सरकवून खूश असतात. आणि गाद्यांवरून भांडतात, तेवढंच आमचं बोलणं होतं."

तबकडी संपून सुई नुसतीच खरखरत होती. एरवी सुईच्या काळजीने धाव घेणारे हेडक्लार्क जागचे हलले नाहीत. या खुर्चीत आपण तिला एकदा तरी बसवलं होतं का, हे ते आठवून पाहत होते. मीटरने चहा उभ्यानेच संपवला आणि सुई उचलून ठेवली. जाताना तो यंत्र विसरला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

वसतिगृहात त्या गाद्यांवर आता पोरी झोपत होत्या. परत मागायला तोंड नव्हतं.

सकाळी हेडक्लार्कांनी पलंगावरची भिंतीकडची गादी उचलली. ती तिची. ओढत आणून त्यांनी ती कोपऱ्यात उभी केली आणि तबकडी लावली. बाई थोडी मधे सरकली, पूर्ण नाही. एक गादी कमी पडत होती, आणि त्यांची स्वतःची झिजून चटई झाली होती. मग त्यांनी तिची जाड रजई पांघरली आणि गादीला टेकून ते स्वतःच कोपऱ्यात उभे राहिले.

"बाबा, हे काय चाललंय?" लेक दारातून म्हणाली.

"तू खुर्चीत बस आणि सांग."

लेक बसली. डोळे मिटले. कोपऱ्यातून हेडक्लार्कांना स्पीकरची फक्त पाठ दिसत होती, आणि गाणं धड ऐकू येत नव्हतं.

"आली का मधे?"

लेकीने कडवं संपेपर्यंत ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "हलू नका."