खेळणीघराची आखूड लिंक

माझी सारी काया बोटाच्या पेराएवढी. मित्रांनो, मी एक जुनी, आखूड लिंक आहे. आणि आखूड असणे हा गुण की अवगुण, यावर माझ्याइतका विचार क्वचितच कोणी केला असेल.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर एक खेळणीघर होते. ग्रंथालयातून पुस्तके न्यावीत तशी मुले तेथून आगगाड्या, ठोकळे, बाहुल्या घरी नेत आणि खेळून परत आणत. ते चालवणारीला सारी मुले मावशी म्हणत. साहजिकच तिचा धाकटा भाऊ, जो छापखान्याचा मालक होता, तो सर्वांचा मामा झाला. खेळणीघराच्या भित्तिपत्रकावर नोंदणीच्या पानाचा पत्ता छापायचा होता आणि तो पत्ता मारुतीच्या शेपटासारखा वाढलेला. पत्ते आखडून देणारे एक संकेतस्थळ मामाला ठाऊक होते. त्याने लांब पत्ता तेथे घातला आणि माझा अवतार झाला. मला उघडले की मी माणसाला मुकाट्याने त्या मूळ पानावर नेऊन सोडी.

"आखूडशिंगी, बहुदुधी," मामा माझ्याकडे पाहून म्हणाला.

"लाथ मारत नाही ना, तेवढं बघ," मावशी म्हणाली.

भित्तिपत्रकावर मी खरोखरच शोभले. रस्त्याने जाणारे आईबाप क्षणभर थांबत, मला न चुकता फोनमध्ये उतरवून घेत आणि नोंदणी करीत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

पुढे इमारतीच्या समितीने मावशीला कळवले, की महिनाअखेरपर्यंत पुरेशा कुटुंबांनी नव्या वर्षाची नोंदणी केली नाही, तर खोली रिकामी करावी लागेल. समितीला तेथे जुने सामान ठेवायचे होते. मावशीने सर्व सभासदांना ईमेल लिहिला. मामाने तो नीटनेटका केला आणि भित्तिपत्रकाच्या सवयीने त्यातही मलाच बसवले. वास्तविक ईमेलमध्ये कोणाला हाताने काही उतरवायचे नसते. नुसते बोट लावायचे असते. तेथे माझ्या आखूडपणाची गरजच नव्हती. परंतु जन्मभर कागदावरची जागा वाचवलेल्या माणसाला हे सुचावे कसे?

मित्रांनो, प्रत्येकाच्या ईमेलच्या दाराशी एक यांत्रिक पहारेकरी असतो. त्याने मला न्याहाळले. माझ्या अंगावर खेळणीघराचे नाव नव्हते. मला घडवणाऱ्या संकेतस्थळाचे होते. तेच आडनाव लावून माझ्या असंख्य बहिणी जगभर हिंडत होत्या आणि त्यांतील काहींनी भोळ्या माणसांना फसव्या पानांवर नेऊन लुबाडले होते. शिवाय मी कोठे नेते, हे माझ्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. सुक्याबरोबर ओलेही जळते. पहारेकऱ्याने मला आणि माझ्यासह मावशीचे संपूर्ण पत्र स्पॅमच्या कोठडीत ढकलले. मावशीने पुन्हा पत्र पाठवले. मी पुन्हा कोठडीत गेले.

उत्तरे येईनात. मावशी एकेक खेळणे कागदात गुंडाळू लागली.

"इतक्यात कशाला आवरतेस, ताई?" मामाने विचारले.

"नको झालंय रे लोकांना. साधं 'नाही' म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत कोणी."

तेवढ्यात जुळ्या मुलांची आई ठोकळ्यांची पेटी परत करायला आली. अर्धवट रिकाम्या फळ्या पाहून ती दारातच थबकली.

"हे काय मावशी, घर बदलताय का?"

"दोनदा पत्र पाठवलं की तुम्हाला."

"मला? छे, मी तर वाट बघत होते. नोंदणी कधी सुरू होतेय म्हणून जुळ्यांनी माझं डोकं खाल्लंय."

तिने फोन उघडला. दोन्ही पत्रे स्पॅममध्ये निघाली. वर इशारा होता, की यातील लिंक संशयास्पद आहे. मामाला ते पटेना. "अक्षर न् अक्षर सभ्य आहे. यात खटकण्यासारखं काय आहे?"

"एक परकं नाव आहे," मावशी माझ्यावर बोट ठेवून म्हणाली. "आपलं घर सोडून दुसऱ्याच्या नावानं कशाला बोलावतोस लोकांना?"

वाद घालण्यापेक्षा पाहावे, असे ठरले. मामाने तेच पत्र, माझ्या जागी खेळणीघराचा मूळ लांबलचक पत्ता घालून, जुळ्यांच्या आईला पाठवले. फोन वाजला. पत्र थेट समोर आले होते.

"लांब आहे, पण घरचा आहे," मामा पुटपुटला.

तेच पत्र सर्वांना गेले. ज्यांच्या दारी मी मावशीची पत घालवली होती, तेथील काही पहारेकरी पहिल्यांदा कुरकुरले. परंतु संध्याकाळपर्यंत नोंदण्या येऊ लागल्या, आणि महिनाअखेरीस समितीने आपल्या जुन्या सामानासाठी दुसरी खोली शोधली.

मामाने आता खेळणीघराच्या स्वतःच्या नावाची एक आखूड लिंक घडवली आहे. माझ्यापेक्षा ती चार अक्षरांनी लांब आहे. पण तिला पाहताच माणूस ओळखतो, की ही मावशीकडची. तिचा मला हेवा वाटत नाही. मला मिळाले नाही ते घरचे नाव तिला मिळाले, याचे समाधानच वाटते.

मित्रांनो, माझ्यावर आंधळा विश्वास ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझ्यासारखी अनोळखी लिंक आली, तर ती कोणी पाठवली आणि कोठे नेते, हे आधी विचारा. आणि उद्या तुम्ही कोणाला पत्राने बोलावलेत, तर आपल्या घराचे पूर्ण नाव त्यात लिहा. चार अक्षरे जास्त लागतील, लागू द्या. ज्याला यायचे आहे, त्याला दार दिसले पाहिजे.