तार वाजवून पाहताना

मेघा मेश्रामने पन्नास वर्षांपूर्वीची लाल एमजी विकत घेतली, तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, पण चाकं गंजली होती. नवी कोणती बसवायची हे ठरवायला तिने नमुन्याची दोन चाकं मागवली. एक चकचकीत तारांचं, दुसरं साधं, बिनतारांचं, अखंड ओतलेलं अलॉयचं. दोन्ही घेऊन ती गांधीबागेजवळ प्रेमानंदकाकांच्या गॅरेजमध्ये गेली. जुन्या विलायती गाड्यांची नस ओळखणारे तेच एक मिस्त्री तिला माहीत होते.

काकांनी तारांचं चाक स्टँडवर चढवलं, डोळे मिटले आणि पान्याने एकेक तार हलकेच वाजवली. सगळ्या किणकिणल्या, एक मात्र बद्द वाजली.

"हे ढिली हाये," म्हणत त्यांनी ती कसली. पुन्हा वाजवली, तर तिचा सूर बाकीच्यांत मिसळून गेला. मेघा बघतच राहिली.

"तू अलॉय घे, पोरी. त्याले काही पाहा लागत नाही. ह्या तारा दर दोन महिन्यांनी आयका लागतात."

"मले तारांचंच पाहिजे, काका. तुम्ही शिकवा, मी आयकीन."

"काहून एवढी मेहनत?"

"तुम्ही आत्ता जे केलं, ते मले आलं पाहिजे."

काका हसले आणि पाना त्यांनी तिच्या हातात दिला. दुपारभर ती चुकत राहिली. शेवटी काकांनी मुद्दाम ढिली केलेली तार तिने डोळे मिटून शोधून काढली.

"बराबर!" काका म्हणाले, आणि अलॉयचं चाक त्यांनी स्वतःच उचलून परत पाठवायच्या खोक्यात ठेवलं.