विमलबाईंना ताल नाही

विमलबाईंना ताल नाही, हे इंझोरीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना त्यांचं माहेरचं गाव आठवत नसे त्यांनाही एवढं पक्कं आठवे. याचं श्रेय अर्थात त्यांच्या नवऱ्याला. देवमन म्हणजे गायन पार्टीचे ढोलकीवाले. जयंती असो, पौर्णिमा असो, कोणाचं लग्न असो, बाबासाहेबांच्या गाण्यांना चाळीसहून जास्त वर्षं ठेका त्यांचाच. नव्या नवरीला त्यांनी हौसेनं कोरसात बसवलं आणि शेलूबाजारच्या कार्यक्रमात, भरल्या मंडपात, मध्येच ढोलकी थांबवली.

"अवं विमले, समेवर ये! ठेका इकडं अन् तुयी टाळी तिकडं!"

मंडप पोट धरून हसला. सम म्हणजे ठेक्याची पहिली थाप, सगळ्यांनी एकदम जिथे यायचं ती जागा. एवढं विमलबाईंना कळत होतं, पण हातच वेळेवर पोचत नव्हता, त्याला त्या काय करणार? त्या दिवसापासून त्यांनी चारचौघांत टाळी वाजवली नाही. पार्टीचा चहा करायच्या आणि गाणं सुरू झालं की हात पदराखाली घेऊन मागे बसायच्या. राग मात्र त्यांनी पंचेचाळीस वर्षं जपून ठेवला होता.

आणि आता टोमणे मारणाराच त्यांना विसरला होता.

विसरण्याचा आजार तीन वर्षांपूर्वी लागला. आधी विळा कुठे ठेवला ते विसरले, मग नागपूरला नोकरी करणाऱ्या प्रसेनजितचं, एकुलत्या एका मुलाचं नाव. गोळ्यांनी हे मागे फिरणार नाही, जपा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. या उन्हाळ्यात एके सकाळी विमलबाईंनी ताट पुढे ठेवलं, तर देवमननी हात जोडले.

"बाई, तुमी कोनाच्या?"

"तुमचीच! जेवा आता."

"नाई नाई. मायी बायको येऊ द्या. मी तिच्याच हातचं खातो."

माणूस जन्माचा भिडस्त. परक्या बाईला आपल्यासाठी कष्ट द्यायचे नाहीत, हे ते विसरले नव्हते. विमलबाई ताट धरून समोर बसत आणि ते दाराकडे बघत विमलबाईंची वाट पाहत. शेजारणीनं भरवून पाहिलं, तिलाही तेच उत्तर. चहा आणि दोन बिस्किटं यांवर दिवस निघू लागले, आणि महिन्याभरात अंगातली बंडी खुंटीला टांगल्यासारखी लोंबू लागली.

प्रसेनजित धावत आला. पोरगा वाईट नव्हता, घाबरला होता.

"माय, असे उपाशी राह्यले तर किती दिवस जगतीन? नागपूरले अशा बुढ्या मानसाईसाठी एक घर हाये. तथी नर्स हाये. लागलं तर नाकातून नळी घालून जेवन देतात."

"अन् मी?"

"तू येत जाजो भेटाले."

घरात अंथरुणापासून तांब्यापर्यंत सगळं विमलबाईंनी या माणसाच्या हाताला लागेल असं ठेवलं होतं, आणि तोच माणूस कुठल्याशा खोलीत नाकात नळी घालून पडणार? पण रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बुद्धपौर्णिमेपावतर थांब," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुयासमोर माया हातचं जेवले तर अथीच राह्यतीन. नाई जेवले तर त्याईची थैली मी सोता भरून देईन."

पौर्णिमेला वीस दिवस होते.

आरोग्य उपकेंद्रात काम करणारी धम्मदीपा नात्यानं पुतणी. ती म्हणाली, "मोठमाय, त्याईले त्याईच्या जमान्यातले गाने आयकव. मानूस नाव इसरते, पन गानं लय खोल राह्यते." प्रसेनजितनं नागपूरहून स्पीकर पाठवला, त्यात दोनशे गाणी भरलेली. देवमननी ती पाहुण्यासारखी सभ्यपणे ऐकली, मान डोलवली आणि डोळे मिटले. चार दिवस हेच. सुरेल गाणी, अचूक ठेका, आणि समोर न शिवलेलं ताट.

पाचव्या दिवशी दुपारी विमलबाई थकल्या. वरणात चुरलेली भाकर मांडीवर घेऊन बसल्या होत्या, स्पीकर गात होता, आणि नकळत त्यांची बोटं ताटाच्या काठावर वाजू लागली. अर्थातच चुकीची.

देवमननी डोळे उघडले. कपाळाला आठी पडली.

"अवं विमले! समेवर ये!"

ते विमलबाईंकडेच बघत होते, दाराकडे नाही. विमलबाईंनी चटकन घास पुढे केला. देवमननी तो खाल्ला. "मीठ कमी हाये," म्हणाले आणि आणखी चार घास खाल्ले. मग नजर पुन्हा विझली. पण चार घास पोटात गेले होते, आणि विमलबाई मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत हसत होत्या.

आता यावरून त्यांनी काय अर्थ काढावा? पंचेचाळीस वर्षं टोमणे खाल्लेली बाई काढील तोच. चुकीच्या तालानं माणूस एवढा जागा होतो, तर बरोबर तालानं पुरता परत येईल. आपल्याला ठेका आला पाहिजे, बस्स. त्यांनी पलीकडच्या तांड्यावरच्या भाऊसिंगला बोलावणं धाडलं. भाऊसिंग पार्टीचा पेटीवाला, पण ढोलकीवरही हात बसलेला.

"मले ठेका शिकवा."

भाऊसिंगला हसू आवरेना. "वयनी, या वयात?"

"पंधरा दिवस हायेत. हसन्यात घालवाचे का शिकन्यात, ते तुमी ठरवा."

भाऊसिंगनं मुकाट्यानं खुंटीवरची ढोलकी काढली, फडक्यानं पुसली, दोऱ्या ताणल्या. धा गे ना ती, ना के धी ना. विमलबाईंनी आयुष्यभर भाकरी थापल्या होत्या, पण हा पिठाचा गोळा नव्हता. तळवे लाल झाले, बोटं सुजली. पाणी भरताना, कपडे धुताना त्या तोंडानं बोल म्हणत राहिल्या. आयाबाया नळावर कुजबुजल्या, "बुढ्यापायी बुढीचंबी डोकं फिरलं." विमलबाई म्हणाल्या, "फिरू द्या. तुमच्या दारात तं नाई न येऊन राह्यली." आणि हंडा उचलून चालू लागल्या.

शिकवणी देवमनच्या समोरच चाले. पहिले आठ-दहा दिवस त्यांना नुसता ऊत आला होता. "विमले, घाई कायले करतं?" "विमले, ढोलकी हाये ते, गहू नाई पाखडाचे!" प्रत्येक शिवीगणिक विमलबाई घास पुढे करत आणि ते रागारागात खात. एका दिवशी अख्खी भाकर गेली. विमलबाईंना वाटलं, आपण शिकतोय तसतसे हे परत येताहेत. शेवटच्या तीन दिवसांत जेवण जरा घटलं, आरडाओरडही घटली. उन्हामुळे असेल, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. ठेका आता गाडीसारखा चालला होता, आणि भाऊसिंगनं कानाला हात लावून म्हटलं होतं, "वयनी, मी हारलो."

पौर्णिमेला सकाळी प्रसेनजित गाडी घेऊन आला. विहारातून वंदना आटोपून धम्मदीपा आली, भाऊसिंग पेटी घेऊन आला. विमलबाईंनी पांढरं लुगडं नेसलं होतं. ताट वाढून शेजारी ठेवलं आणि ढोलकी मांडीवर घेतली.

भाऊसिंगनं पार्टीचं जुनं गाणं धरलं आणि विमलबाईंची थाप बरोबर समेवर पडली. पुन्हा पडली. प्रत्येक वेळी पडली. प्रसेनजित आईकडे बघतच राहिला. विमलबाईंची छाती अभिमानानं भरून आली. शेलूबाजारचा तो मंडप या क्षणी इथे असता तर!

गाणं संपलं. देवमन खूश होऊन हसले आणि त्यांनी हात जोडले.

"लय गोड हात हाये बाई तुमचा. कोनाच्या तुमी?"

भाऊसिंगनं पेटीवरचे हात काढले.

"मायी बायको आली असंन तर तिच्या हातची भाकर खाऊनच जा," देवमन आपुलकीनं म्हणाले. "तिले ताल नाई अजिबात. पन बाई लाखाची हाये. मी वाट पाह्यतो तिची."

प्रसेनजितनं डोळे पुसले, उठला आणि खुंटीवरची थैली काढली. "माय, तू लय केलं," तो म्हणाला. "आता भरू दे मले."

विमलबाई ढोलकीकडे बघत बसल्या. मग सगळं लख्ख समजलं. हा माणूस ठेक्याची वाट पाहत नव्हता. तो आपल्या बेताल बायकोची वाट पाहत होता, आणि पंधरा दिवस घाम गाळून आपण तिलाच घराबाहेर काढलं होतं.

"थैली ठेव खाली," त्या म्हणाल्या. "भाऊसिंग, पेटी घ्या पुन्हा."

सूर लागला. विमलबाईंनी दोन आवर्तनं सरळ वाजवली. तिसऱ्याला सम आली तेव्हा हात आपणहून पडायला निघाला. तो त्यांनी जोर लावून वर धरला, सम जाऊ दिली, आणि मग भलत्याच जागी थापकन मारला. पुन्हा तसाच. भाऊसिंग दचकला.

"अवं विमले!" देवमन कडाडले. "कुठं चालली? समेवर ये!"

प्रसेनजितच्या हातातली थैली खाली पडली. विमलबाईंनी ढोलकी बाजूला सारली आणि घास उचलला. देवमननी तो बायकोकडे रोखून बघतच खाल्ला. मग दुसरा. मग तिसरा.

"जलमभर शिकवलं तुले," ते चावता चावता म्हणाले. "पन तुले ताल येत नाई म्हंजे नाईच."

भाऊसिंगनं काही बोलायला तोंड उघडलं. विमलबाईंनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

"नाईच येत," त्या म्हणाल्या, आणि पुढचा घास कालवायला घेतला.