दिनकरच्या आतड्यातला ग्रीक शब्द

बसा इथं, चहा निवला तर निवू दे. दिल्लीतल्या मयूर विहारच्या दिनकरची गोष्ट सांगतो. हसून पोट दुखलं तर मला बोलायचं नाही.

दिनकर फरीदाबादच्या कारखान्यातला जुना फिटर. शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या मराठी प्रार्थनासभेची रीत अशी, की ज्याच्या घरी सभा, त्यानं डब्यातनं चिठ्ठी काढायची. तिच्यावर बायबलातला एक ग्रीक शब्द. तो त्यानं सगळ्यांना समजावायचा. दिनकरला आला 'स्प्लांखनिझोमाई'.

"हा शब्द आहे का मशीन बिघडल्याचा आवाज?"

लेक कृतिका म्हणाली, "पप्पा, कळवळा येणं. पण तो आतड्यातनं येतो. पोरगा घर सोडून जातो, कंगाल होऊन परततो, बाप त्याला लांबून बघतो, तिथं हाच शब्द आहे."

दिनकरनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. त्याच्या पोरानं, मानसनं, नोकरी सोडून लोकांना हसवायचे शो धरले, तेव्हा ह्यानंच "परत तोंड दाखवू नको" म्हणून सोसायटीच्या गेटच्या ॲपातनं त्याचं नाव उडवलेलं. सहा महिने झाले. आता रोज संध्याकाळी बाल्कनीत उभा. विचारलं की म्हणायचा, "हवा खातोय." दिल्लीची हवा! कोण खातं हो?

सभेच्या दिवशी बाल्कनीच्या दारात उभं राहून ह्यानं सुरुवात केली, "तर, स्प्लां... स्प्लां..." आणि खाली गेटवर मानस दिसला. खांद्याला बॅग, गार्डशी हुज्जत.

"पद्मजा, पोटात कालवलं गं!"

"छोले कमी खा म्हटलं होतं!" बायको ओरडली.

पण गडी अनवाणी तीन मजले खाली. मागं कृतिका सोडून सगळी सभा, मेहुणा विक्रांत तर अर्धा वडा हातात घेऊन.

गार्ड म्हणाला, "अंकलजी, एंट्री नहीं है. फ्लॅट से अप्रूव कराओ."

"अरे, फ्लॅट मैं ही हूँ!"

पण अप्रूव करायचा फोन राहिलेला वरती. मग काय, दिनकरच गेटबाहेर गेला आणि पोराला मिठी मारली.

"पप्पा, चप्पल?"

"गप रे. किती वाळलास!"

विक्रांत धापा टाकत म्हणाला, "भावोजी, शब्दाचा अर्थ राहिला!"

"डोळे आहेत ना तुला? मग बघ की!" पद्मजा डोळे पुसत खेकसली.

कृतिकानं वरनं गेटसाठी ओटीपी पाठवला. मानसला निरोपही तिनंच धाडलेला, लबाड!

येत्या शनिवारी नोएडात मानसचा शो आहे. दिनकर पहिल्या रांगेत बसणार. तुम्हीपण या. आणि एवढं करा, जोक नाही कळला तरी जोरात हसा.