मोतीबाईचं भाषण

हेमलता मॅडमनी पीएच.डी.साठी विषय घेतला, तेव्हा धुळ्यातल्या त्यांच्या शाळेत त्याचं नावसुद्धा कुणाला धड घेता येईना. शाळाप्रमुखाचं नेतृत्व आणि जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण. संस्थेचे अध्यक्ष चुडामण नाना म्हणाले होते, "चांगलं आहे. शाळेचं नाव होईल." तेव्हापासून मॅडम सुट्टीच्या दिवशी बसने जळगावला, विद्यापीठात जात राहिल्या. मुख्याध्यापिकेचं काम, घर आणि वाचन यांत केस पांढरे झाले, पण विषयावर त्यांचा जीव होता. साऱ्या जगाशी आपलं नातं आहे असं मुलाला वाटायला हवं असेल, तर आधी शाळेत त्याचं ऐकलं गेलं पाहिजे, असं त्या शिक्षकांना तळमळीने सांगत.

म्हणूनच परदेशातल्या विद्यापीठाचे प्राध्यापक शाळा बघायला येणार असं ठरलं, तेव्हा भाषणासाठी त्यांनी मोतीबाईला निवडलं. नववीतली मोतीबाई शिरपूरच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. पावरा समाजातली ही मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहायची आणि वर्गात ओठांतल्या ओठांत बोलायची. मॅडम रोज शाळा सुटल्यावर तिला घेऊन बसू लागल्या.

"काय बोलू?" तिने विचारलं.

"तुझ्या घरचं सांग."

मग ती सांगायला लागली. दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी घरं बंद होतात, माणसं कापूस वेचायला गुजरातेत जातात, मागे म्हातारे आणि पोरं उरतात. म्हातारे पोरांना सांभाळत नाहीत, पोरं म्हाताऱ्यांना सांभाळतात. हे सांगताना आपला आवाज कधी मोठा झाला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच नाना ऑफिसात आले.

"भाषण आमची पुनम करेल," ते म्हणाले. पुनम त्यांची नात, त्याच वर्गातली. "तिचं इंग्लिश चांगलं आहे. आणि पाहुण्यांसमोर आपली गरिबी कशाला मांडायची? वसतिगृहाच्या मुलींना नाचात घ्या. पाहुण्यांना ते आवडतं."

"नाना, मोतीबाईने फार मेहनत घेतली आहे."

"मी कुठे नाही म्हणतो? नाचात आहेच की ती." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "तुमच्या रजेचा विषय सोमवारच्या बैठकीत ठेवलाय, मॅडम."

पाहुण्यांच्याच विद्यापीठाने मॅडमना सहा महिने अभ्यासाला बोलावलं होतं आणि संस्थेने रजा दिल्याशिवाय जाता येणार नव्हतं. अशा वेळी शाळाप्रमुखाने काय करावं, यावर मॅडमनी प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी मोतीबाईला बोलावून घेतलं.

"मोती, जरा बदल झालाय. भाषण पुनम करेल. तू नाचात राहा. पुढच्या वेळी नक्की तुला देऊ."

मोतीबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "बरं, मॅडम."

का, असं तिने विचारलं असतं तर मॅडमना सोपं गेलं असतं.

ऐनवेळी दुकानातून भाड्याने कपडे आणले. ते निघाले कोळी नृत्याचे. डोंगरातल्या मुलींनी ते घातले आणि त्या नाचल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मॅडम नानांच्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. सोमवारी रजा मंजूर झाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोतीबाई परत आली नाही. घरच्या नंबरवर फोन लागेना. शेवटी एका रविवारी मॅडम शिरपूरला बस बदलून, पुढे जीपने पाड्यावर गेल्या. मोतीबाईचा बाप सुकलाल अंगणात होता. त्याने खाट टाकली.

"मी सांगी पाह्यं, मॅडम," तो म्हणाला. "पन ती आयकत नही. तठे मन लागत नही म्हनस."

मोतीबाई चहा घेऊन आली. परवा ती आईबापांबरोबर गुजरातेत निघणार होती.

"माझं चुकलं, मोती," मॅडम म्हणाल्या. "तुझं भाषण मी काढून घ्यायला नको होतं."

"नाही मॅडम. पुनम छान बोलली." तिच्या बोलण्यात राग नव्हता. नुसता आदर होता, आणि मॅडमना तोच सोसवेना.

"परीक्षेला तरी ये. तुझी सगळी सोय मी करते."

"तुम्ही तर जाणार ना, बाहेरच्या देशात? मुली सांगत होत्या."

नाही जात, असं मॅडमना म्हणता आलं असतं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. तोवर मोतीबाई रिकामे कप उचलून आत गेली होती.

जीपपर्यंत सुकलाल सोडायला आला. मोतीबाई दारात उभी राहून बघत होती, जीप हलल्यावर ती आत वळली. परतीच्या बसमध्ये शिरपूर ते धुळे मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेजारच्या बाईने, बरं नाही का, म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

जानेवारीत त्या परदेशी गेल्या. मोतीबाई परीक्षेला बसली नाही.